ज्योत पाहणारा डोळा

अमेरिकेच्या ईशान्य भागात, मॅसॅच्युसेट्स राज्यात, आम्ही दोन हिवाळे एका जुन्या लाकडी घरात काढले. त्या भागातली बरीच जुनी घरं तेलावर चालणाऱ्या बॉयलरने ऊबदार ठेवतात. बॉयलर तळघरात असतो. तो पाणी तापवतो आणि पंप ते पाणी नळ्यांतून घरभर फिरवतो. जानेवारीतल्या एका रात्री, बाहेर तापमान शून्याच्या बरंच खाली असताना, आमचा बॉयलर बंद पडला. खाली जाऊन बर्नरवरच्या डबीचं लाल बटण दाबलं. पंखा घरघरला, भट्टीच्या झरोक्यातून पिवळा उजेड दिसला. हुश्श म्हणून आम्ही जिना चढतोय तोच सगळं पुन्हा शांत. पुन्हा बटण, पुन्हा उजेड, पुन्हा शांतता.

सकाळी मेकॅनिक आला. त्याने बॉयलरकडे पाहण्याआधीच विचारलं, "बटण किती वेळा दाबलंत?" आम्ही जरा चाचरत म्हणालो, "चार-पाच वेळा." तो काही बोलला नाही. टॉर्च काढून भट्टीच्या तोंडाशी वाकला आणि बराच वेळ आत पाहत राहिला.

बॉयलर का बंद पडला हे त्याने पुढे अर्ध्या तासात शोधून काढलं. पण बटणाबद्दलचा त्याचा पहिला प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला, तो शिक्षकांना सांगण्याजोगा वाटला. शिवाय त्याच्या सुरुवातीच्या काळात एक शिक्षकच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. बॉयलर दोन तऱ्हांनी थांबतो. खोली हवी तेवढी गरम झाली, किंवा बॉयलरमधलं पाणी ठरलेल्या तापमानाला (साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअस) पोचलं, की बर्नर थांबतो आणि पाणी निवलं की आपला आपण सुरू होतो. हे त्याचं रोजचं काम. दुसऱ्या तऱ्हेत तो थांबतो आणि थांबूनच राहतो. माणसाने येऊन लाल बटण दाबेपर्यंत हलत नाही. या दुसऱ्या थांबण्याला लोक 'बिघाड' म्हणतात. खरं तर बिघाड दुसरीकडेच कुठे तरी असतो. थांबणारी डबी शाबूत असते आणि म्हणूनच थांबते.

पहिल्या तऱ्हेच्या थांबण्याचा इतिहास जुना आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने अंडी उबवण्यासाठी एक भट्टी केली. भट्टी तापली की नळीतलं अल्कोहोल प्रसरण पावे, ते पाऱ्याला ढकले, आणि पारा हवेची वाट बंद करी. हवा कमी झाली की आग मंद. अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने आपल्या सागरी घड्याळात पितळ आणि पोलाद यांची जोडपट्टी वापरली. सारख्याच उष्णतेने पितळ पोलादाच्या सुमारे दीडपट लांबतं. त्यामुळे एकमेकांना घट्ट जोडलेली पट्टी तापली की वाकते. शाळेच्या प्रयोगशाळेत ही द्विधातू पट्टी बहुधा असतेच. आपण ती स्पिरिटच्या दिव्यावर धरतो, ती वाकते, मुलं 'प्रसरण' हा शब्द वहीत लिहून घेतात आणि पट्टी परत कपाटात जाते. आमच्या मते तिच्यावर हा थोडा अन्यायच आहे. १८३० मध्ये अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने अशा पट्टीच्या उष्णतानियंत्रकाचं पेटंट घेतलं.

आता तो शिक्षक. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर गावी शिक्षक घडवणारं एक महाविद्यालय होतं. आपल्याकडच्या अध्यापक विद्यालयासारखं. तिथे वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवत. थंडीच्या दिवसांत शिपाई तासातासाला वर्गात येई, तापमापक पाही आणि तळघरात जाऊन भट्टीचे दरवाजे कमी-जास्त करी. शिकवण्यात दर वेळी व्यत्यय. जॉन्सननी वर्गात एक विजेचं उपकरण बसवलं. खोलीचं तापमान बदललं की ते तळघरातली घंटा वाजवी. शिपायाला वर यायची गरज उरली नाही. १८८३ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. वर्गात सारखी ये-जा होते म्हणून वैतागलेल्या शिक्षकांची संख्या जगात काही कमी नसेल, पण त्यातून पेटंट निघाल्याचं दुसरं उदाहरण आम्हाला माहीत नाही. त्यानंतर लवकरच, १८८६ मध्ये, मिनिआपोलिसच्या अल्बर्ट बुट्झने शिपायालाही वगळलं. खोली गार झाली की मोटरच भट्टीची झडप उघडू लागली.

या सगळ्या भट्ट्या कोळशाच्या होत्या. कोळशाची आग एकदा पेटली की दिवसेंदिवस धुमसत राहते. हवा दिली की फुलते, हवा तोडली की राखेखाली दबून राहते. त्यामुळे यंत्राला एवढंच ठरवायचं असे, की हवा किती द्यायची. आग आहे की नाही, हा प्रश्नच नव्हता.

१९२०च्या दशकात अमेरिकेत घरगुती तेल-बर्नर पसरू लागले. तेल पेटवणं वाटतं तितकं सोपं नाही. हे तेल म्हणजे जवळजवळ आपलं डिझेलच. वाटीत ओतलेल्या डिझेलवर जळती काडी टाकली तर बहुधा काडीच विझेल. द्रव जळत नाही, त्याची वाफ जळते. म्हणून बर्नरमधला पंप तेलावर सुमारे सात वातावरणांइतका दाब देतो आणि केसाएवढ्या भोकाच्या नोझलमधून त्याचा फवारा उडवतो. पंखा हवा पुरवतो. रोहित्र सुमारे १०,००० व्होल्टचा दाब देऊन दोन टोकांमध्ये ठिणगी पाडतं. बारीक थेंबांची वाफ होते आणि ज्योत धरते. घर गरम झालं की सगळं बंद, गार झालं की पुन्हा पहिल्यापासून. कोळशाची आग हिवाळ्यात एकदा पेटवायची. तेलाची आग दिवसातून कितीतरी वेळा, आणि दर वेळी कोऱ्या करकरीत सुरुवातीने.

आणि एखाद्या वेळी ती पेटलीच नाही तर? ठिणगी पडली नाही, पण पंप चालूच राहिला तर?

जरा हिशेब करू. घरगुती बर्नर ताशी सुमारे एक अमेरिकन गॅलन, म्हणजे ३.८ लिटर तेल फवारतो. मिनिटाला ६३ मिलिलिटर. न पेटलेलं तेल भट्टीच्या तळाशी साचतं, तिथल्या तापलेल्या विटांत मुरतं, त्याची वाफ होऊ लागते. नियंत्रक पाऊण मिनिट वाट पाहून थांबला, तर तेवढ्यात सुमारे ४७ मिलिलिटर तेल आत गेलेलं असतं. माणसाने लाल बटण पाच वेळा दाबलं, तर सुमारे २४० मिलिलिटर. एक पेलाभर! एवढ्या तेलात एक किलोवॉटचा हीटर सुमारे अडीच तास चालेल इतकी ऊर्जा असते. मग सहाव्यांदा ठिणगी पडली तर ती सगळी वाफ एकदम पेट घेते. धुराड्याचे सांधे निखळतात, काजळी घरभर उडते, कधी बॉयलरचं दारही. मेकॅनिक टॉर्च घेऊन हेच पाहत होता, तळाशी तेल साचलंय का. आमचं नशीब की आमच्याकडे ज्योत दर वेळी पेटत होती आणि तळ कोरडा होता. नशीबच म्हणायचं, कारण बटण दाबताना आम्ही यातलं काहीच जाणत नव्हतो.

म्हणून तेलाबरोबर यंत्राला नवा प्रश्न शिकवावा लागला: ज्योत खरोखर आहे का?

सुरुवातीचं उत्तर पुन्हा त्या द्विधातू पट्टीनेच दिलं. पट्टीचं स्प्रिंगसारखं वेटोळं करून ते धुराड्याच्या नळीत खुपसत. ज्योत पेटली की गरम वायू नळीतून जातात, वेटोळं फिरतं, बाहेरचा विजेचा संपर्क बदलतो, म्हणजेच 'ज्योत आहे' असा निरोप मिळतो. निरोप ठरलेल्या वेळेत आला नाही तर तेल बंद. ही वेळ मोजायची कशी? त्यासाठी डबीत आणखी एक द्विधातू पट्टी आणि तिला चिकटून तापणारी एक छोटी तार. बर्नर सुरू होताच तार तापू लागते, पट्टी हळूहळू वाकते. निरोप आला तर तारेचा प्रवाह तुटतो. नाही आला तर पट्टी पुरती वाकून खटका पाडते, आणि तो खटका फक्त माणूसच परत चढवू शकतो. तेच आमचं लाल बटण. एकीकडे पट्टी ज्योत हुडकते, दुसरीकडे तिचीच बहीण घड्याळ होते.

हे उपकरण अनेक वर्षं चाललं, पण ते मंद होतं. आग डोळ्यांसमोर असताना तिची बातमी धुराड्यातून कळायची. नळी तापायलाच वेळ लागे, म्हणून सव्वा ते दीड मिनिट वाट पाहावी लागे. दीड मिनिट म्हणजे वरच्या हिशेबाने जवळजवळ ९५ मिलिलिटर तेल. शिवाय वेटोळ्यावर काजळी चढली की ते आणखी सुस्त होई.

इथे थोडं आडवळण घेऊ. 'थांबवणाऱ्या' उपकरणांशी माणसाचं वैर जुनं आहे. १६८०च्या सुमारास देनी पापँने आपल्या दाबाच्या भांड्यावर सुरक्षा-झडप बसवली. वाफेच्या इंजिनांच्या काळात याच झडपा लोक वजन टांगून किंवा दोरीने बांधून बंद ठेवत, कारण झडप उघडली की दाब जातो आणि काम थांबतं! १८०३ मध्ये ग्रिनिचला रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या उच्च दाबाच्या इंजिनाचा बॉयलर फुटला, कामगार दगावले. त्यानंतर ट्रेव्हिथिकने बॉयलरमध्ये शिशाचा एक बुच बसवायला सुरुवात केली. पाणी फार खाली गेलं की बुच वितळे आणि वाफ निसटून आगीवर येई. हा बुच बांधून ठेवता येत नाही, हीच त्यातली खुबी. २० मार्च १९०५ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्याच ब्रॉक्टन गावी बुटांच्या कारखान्याचा बॉयलर फुटला आणि ५८ माणसं गेली. १९०७ मध्ये त्या राज्याने बॉयलरचे नियम केले, १९१४ मध्ये अमेरिकेतल्या यंत्र-अभियंत्यांच्या संघटनेने बॉयलरची संहिता तयार केली. आपल्याकडेही असंच झालं. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा स्फोट झाला आणि १८६४ मध्ये बंगालचा कायदा आला. १९२३ मध्ये देशभरासाठी बॉयलर कायदा झाला, त्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली. कायद्याच्या कलमांमागे अशी माणसं उभी असतात. असो. पुन्हा ज्योतीकडे येऊ.

ज्योत कळण्याची दुसरी खूण आहे तिचा उजेड. पण यंत्राला उजेड दिसणार कसा? याची सुरुवात समुद्राच्या तळाशी झाली असं म्हटलं तरी चालेल. १८७३ मध्ये विलोबी स्मिथ हे इंग्लिश विद्युत-अभियंते समुद्राखालून टाकायच्या तारायंत्राच्या केबलची तपासणी करत होते. त्यासाठी त्यांना मोठ्या रोधाचा पदार्थ हवा होता, म्हणून त्यांनी सेलेनियमच्या कांड्या घेतल्या. मोजमापं काही केल्या जुळेनात. एकच कांडी कधी जास्त रोध दाखवी, कधी कमी. शेवटी कळलं की पेटीचं झाकण बंद असलं की रोध वाढतो आणि उजेड पडला की घटतो! त्यांच्या पत्रातून ही गोष्ट त्याच वर्षी 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे हेही एक बिघाड शोधणंच होतं. १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेलने सेलेनियम वापरून प्रकाशकिरणावरून आवाज पाठवून दाखवला.

बर्नरमध्ये मात्र सेलेनियमऐवजी कॅडमियम सल्फाइड रुजलं. हा चित्रकारांच्या ओळखीचा झळझळीत पिवळा रंग. गंमत म्हणजे सेलेनियम आणि कॅडमियम ही दोन्ही मूलद्रव्यं एकाच वर्षी, १८१७ मध्ये सापडली. पहिलं बर्झेलियसला, दुसरं स्ट्रोमायरला. कॅडमियम सल्फाइडमधले इलेक्ट्रॉन अंधारात जागच्या जागी बांधलेले असतात. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की ते मोकळे होतात आणि वीज वाहू लागते. निळ्या-हिरव्या प्रकाशाला ते पुरतं, आणि त्यात किंचित भेसळ केली की पिवळ्या-तांबड्यालाही दाद देतं.

तेलाची ज्योत तर पिवळीच असते. ती पिवळी का? लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६०-६१च्या नाताळात मायकेल फॅरडेने मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली. त्यात त्याने दाखवलं, की ज्योतीतला उजेड हा तापून लाल-पिवळ्या झालेल्या कार्बनच्या कणांचा असतो. त्याच कणांची पुढे काजळी होते. म्हणजे जी काजळी ज्योत दाखवते, तीच डोळ्यावर साचून ज्योत लपवूही शकते. हे लक्षात ठेवा, आमच्या बॉयलरची गोष्ट इथेच दडलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर घराघरांतल्या बर्नरमध्ये हा डोळा आला. वाटाण्याएवढी चकती, काचेत बंद, पंख्याच्या हवेच्या वाटेवर बसवलेली. तिथे ती गारही राहते आणि समोर ज्योतही दिसते. अंधारात तिचा रोध लाखो ओहम, चांगल्या ज्योतीसमोर काहीशे ते हजारभर. १६०० ओहमच्या वर गेला की मेकॅनिक भुवया उंचावतात. आता वाट पाहण्याचा काळ पाऊण मिनिटावर आला, पुढे अर्ध्यावर आणि पंधरा सेकंदांवर. पंधरा सेकंदांत १६ मिलिलिटर तेल, म्हणजे जेमतेम तीन चमचे.

या योजनेतली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. डोळाच बिघडला तर काय? समजा त्याची तार तुटली. तर रोध अनंत, म्हणजे 'अंधार', म्हणजे 'ज्योत नाही', बर्नर बंद. उलट समजा दोन तारा एकमेकींना चिकटल्या. तर रोध शून्य, म्हणजे 'लख्ख उजेड'. आता ज्योत नसतानाही यंत्राला ती दिसत राहणार! यावर तोडगा असा: बर्नर सुरू करण्याआधी नियंत्रक एकदा डोळ्यातून पाहतो. आत अंधारच असायला हवा. उजेड दिसला तर काही तरी खोटं आहे, म्हणून तो सुरूच होत नाही. आधी अंधार पाहायचा, मग ज्योत. दोन्ही खरे ठरले तरच साक्षीदारावर विश्वास. मुलांना प्रयोगातलं 'नियंत्रण' समजावताना आम्हाला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

आता त्या सकाळी मेकॅनिकने काय केलं ते पाहू. भट्टीचा तळ कोरडा, शिवाय ज्योत पेटते आणि पाऊण मिनिटाने जाते, असं आम्हीच सांगितलेलं. एवढ्यावरून त्याने अर्धी कारणं बाद केली. टाकीत तेल नाही, तेलात पाणी आहे, गाळणी तुंबली, नोझल तुंबलं, ठिणगी पडत नाही. यातलं काही असतं तर ज्योत नीट पेटलीच नसती. ज्योत आहे, पण यंत्राला ती दिसत नाही. त्याने डोळा उपसून बाहेर काढला. काच काळी. रुमालाने पुसली, परत बसवली, मल्टिमीटर लावून बर्नर चालू केला. रोध सातशेच्या आसपास. बॉयलर सुरळीत चालू लागला.

आम्ही आभार मानायच्या तयारीत होतो. तो मात्र निघेना. डोळा काळा झाला हे खरं, पण काजळी आली कुठून? नीट जळणाऱ्या तेलाला काजळी धरायला नको. त्याने पंख्याचं झाकण उघडलं. पात्यांच्या खोलगट भागात राखाडी कापसाचा थर बसलेला. तळघरातच, बॉयलरपासून दोन हातांवर, कपडे वाळवायचं यंत्र होतं. त्यातून उडणारे धागे बर्नरचा पंखा हवेबरोबर ओढून घेत होता. हवा कमी, ज्वलन अपुरं, काजळी जास्त. आणि अपुऱ्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, त्याला ना वास ना रंग. म्हणजे आम्ही ज्याच्या नावाने रात्रभर बोटं मोडत होतो, त्या डोळ्याने, स्वतः आंधळा होत होत का होईना, आम्हाला थांबवलं होतं. त्याने पाती घासली, नोझल बदललं, धुराड्यातला वायू तपासला, आणि वाळवणीच्या यंत्राची नळी खिडकीबाहेर काढायला सांगून गेला.

हा डोळा आपल्याकडे पाहायचा असेल तर बॉयलर लागत नाही. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एल.डी.आर. मागा. मिळेल तो जवळजवळ याचाच भाऊ. त्याला मल्टिमीटर जोडा. वर्गातल्या अंधाऱ्या कपाटात, मग खिडकीशी, मग मेणबत्तीपासून वीतभर अंतरावर रोध मोजा. नंतर काचेच्या पट्टीवर मेणबत्तीची काजळी धरून ती पट्टी मध्ये घाला. शेवटी खोलीत अंधार करून त्याला गॅसच्या शेगडीची निळी ज्योत तेवढ्याच अंतरावरून दाखवा. मेणबत्तीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता देणारी ही ज्योत त्याला फिकी वाटते, कारण तिच्यात तापलेले कार्बनकण जवळजवळ नसतात. म्हणून गॅसच्या उपकरणांत हा डोळा चालत नाही. अनेक गॅस-गिझरमध्ये ज्योतीत एक धातूची कांडी असते. ज्योतीत विद्युतभारित कण असल्याने ज्योतीतूनच थोडी वीज वाहते, आणि ती थांबली की गॅस बंद होतो.

कॅडमियम विषारी असल्याने युरोपीय संघाने २००६ पासून विजेच्या उपकरणांतल्या त्याच्या वापरावर निर्बंध घातले आहेत. प्रयोगानंतर एल.डी.आर. फोडू नये, कचऱ्यातही टाकू नये, पुढच्या वर्षीसाठी डबीत ठेवावा.

राहता राहिलं ते लाल बटण. नव्या नियंत्रकांत द्विधातू पट्टीच्या जागी सूक्ष्म संगणक आला आहे आणि तो मोजू शकतो. सलग तीन वेळा ज्योत मिळाली नाही की अनेक नियंत्रक पक्कं कुलूप लावतात. मग बटण नेहमीसारखं दाबून काही होत नाही. मेकॅनिकसाठी मात्र एक वाट ठेवलेली असते: तेच बटण बराच वेळ दाबून धरलं की कुलूप उघडतं. ही युक्ती फक्त मेकॅनिकला ठाऊक असावी, अशी अपेक्षा असते. आमच्या शेजाऱ्यांना ती ठाऊक होती.